मोठ्या कड्याखाली वाफ का मिळत नाही?

नैरोबीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. तो थोडक्यात असा: नैरोबीहून नैवाशाला जाताना खचदरीचा प्रचंड कडा उतरावा लागतो. हा कडा म्हणजे भ्रंश, म्हणजे जिथे खडक तुटून एकमेकांवरून सरकतात ती भेग, असं वाचलं आहे. खाली तळावर सुस्वा, लोंगोनोट, ऑल्कारिया, मेनेंगाई असे ज्वालामुखी जवळपास एका रांगेत आहेत आणि वाफेवरची वीजकेंद्रंही तिथेच आहेत. मग शिलारस आणि वाफ भ्रंशांतूनच वर येतात का? येत असतील तर सगळ्यांत मोठ्या भ्रंशावर, त्या कड्याच्या पायथ्याशीच विहिरी का घेत नाहीत? आणि आमच्या संगमेश्वर तालुक्यात तुरळ-राजवाडीला गरम पाण्याची कुंडं आहेत, तिथे असं काही होईल का?

तिन्हींची उत्तरं आधी देऊन टाकतो. शिलारस बहुतेक वेळा तयार भ्रंशातून येत नाही. तो आपली फट आपणच पाडतो, पण ती कोणत्या दिशेला पडणार हे खचदरीतला ताण ठरवतो. वाफ भ्रंशातून येते हे खरं, पण मोठ्या भ्रंशाच्या सलग, सरळ भागातून सहसा नाही. ती मिळते लहान, तरुण, तुटक भ्रंशांच्या टोकांशी आणि ते एकमेकांना छेदतात तिथे. कोकणाचं गणितच वेगळं आहे, ते शेवटी सांगतो. माझं काम भूऔष्णिक, म्हणजे जमिनीतली उष्णता वापरणाऱ्या, विहिरींच्या जागा ठरवण्याचं आहे, त्यामुळे माझा कल ज्वालामुखीपेक्षा वाफेकडे जास्त आहे, हेही गृहीत धरून वाचा.

आधी त्या कड्याबद्दल. पूर्व आफ्रिकेत न्युबियन आणि सोमाली हे दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकताहेत. इथिओपियाच्या मुख्य खचदरीत हा वेग वर्षाला 5 मिलिमीटरच्या आसपास आहे, केनियात त्याहून कमी. सुरुवातीच्या काळात हा सगळा ताण काठावरच्या मोजक्या मोठ्या भ्रंशांनी पेलला. त्यांच्यावर जमीन खचत गेली, कडे उभे राहिले. पण कवच ताणलं जाऊन पातळ झालं, खालून शिलारस शिरू लागला, तसं काम काठाकडून तळाकडे सरकलं. इथिओपियात हा बदल गेल्या 20 लाख वर्षांतला. तिथे खचदरीच्या तळावर वोंजी भ्रंशपट्टा म्हणून ओळखला जाणारा पट्टा आहे: शेकडो लहान भ्रंश, एकेकाची खच काही मीटरांपासून फार तर काही दहा मीटरांपर्यंत, तुकड्यातुकड्यांनी एकामागे एक तिरके सरकत गेलेले. उपग्रहाधारित मोजणीत असं दिसलं की ताणाचा सुमारे 80 टक्के भाग आता तळातला हा अरुंद पट्टाच घेतो. काठावरचा कडा फोटोत भारी दिसतो, पण त्याचं बरंचसं काम आटोपलेलं आहे.

बरंचसं म्हणालो, सगळं नाही. 6 जानेवारी 1928 रोजी केनियात सुबुकियाजवळ 6.9 तीव्रतेचा भूकंप झाला, तो काठावरच्याच लायकिपिया-मार्मानेट भ्रंशावर. केनियाच्या नोंदींतला हा सगळ्यांत मोठा भूकंप. त्यामुळे काठाचे भ्रंश मेलेले समजून त्यांच्या पायथ्याशी धरण किंवा शाळा बांधू नये. पण वाफेच्या शोधात मी तिथे रिग, म्हणजे विहीर खोदायचं यंत्र, लावणार नाही, कारण खाली उष्णता देणारं काही नाही.

आता शिलारस. खडकाचे दोन ठोकळे भ्रंशावर एकमेकांवरून सरकवायला जेवढा ताण लागतो, त्यापेक्षा शिलारसाच्या दाबानं खडक उचकटायला बराच कमी लागतो. म्हणून जिथे शिलारस मुबलक आहे तिथे कवच भ्रंशांनी नव्हे तर डाइकनी ताणलं जातं. डाइक म्हणजे खडकात घुसलेली शिलारसाची उभी, पातळ भिंत. ती उघडते त्या दिशेला, जिथून खडकावर सगळ्यांत कमी दाब असतो. खचदरीत ती दिशा म्हणजे ताणाचीच दिशा. साहजिकच डाइक ताणाला काटकोनात उभी राहते, आणि भ्रंशही त्याच दिशेला पडलेले असतात. नकाशावर दोन्ही समांतर दिसतात आणि आपण म्हणतो, शिलारस भ्रंशातून आला. प्रत्यक्षात दोघांना एकाच ताणानं एका रांगेत उभं केलेलं असतं.

याचा सगळ्यांत ठसठशीत पुरावा सप्टेंबर 2005 मध्ये इथिओपियाच्या अफार भागात मिळाला. दब्बाहू ज्वालामुखीच्या दक्षिणेला काही आठवड्यांत सुमारे 60 किलोमीटर लांबीची डाइक घुसली आणि काही ठिकाणी जमीन 8 मीटरपर्यंत रुंदावली. अफारच्या त्या भागात भूपट्ट वर्षाला दोनएक सेंटिमीटरच्या आतबाहेर सरकतात, म्हणजे चारेकशे वर्षांची थकबाकी एका झटक्यात वसूल झाली. एवढं होऊन उद्रेक किती, तर दाउरे इथे एका छोट्या फटीतून थोडी राख आणि प्युमिस, म्हणजे सच्छिद्र, हलका ज्वालामुखी दगड. बाकी सगळा शिलारस जमिनीखालीच थिजला. नंतर 2010 पर्यंत त्याच पट्ट्यात आणखी डझनभर लहान डाइक घुसल्या.

पण त्या वेळी पृष्ठभागावर लोकांनी पाहिलं काय? भ्रंश. नवे कोरे, मीटर-दोन मीटर खचलेले. कारण डाइक वर येत असताना तिच्या डोक्यावरची जमीन दोन्हीकडे ओढली जाते, दोन समांतर भ्रंश पडतात आणि मधली पट्टी खाली बसते. खचदरीच्या तळावरचे जे चिंचोळे खंदक आपण निव्वळ भ्रंशांचे समजतो, त्यांतल्या अनेकांच्या पोटात डाइक दडलेली असते. म्हणजे इथे शिलारसानं भ्रंश पाडले.

उलटंही घडतं. 2007 मध्ये टांझानियात नॅट्रॉन तळ्याजवळ जुलैपासून भूकंपांची माळ लागली. 17 जुलैचा सगळ्यांत मोठा, 5.9 तीव्रतेचा. उपग्रहांच्या रडारचित्रांवरून अभ्यासकांनी क्रम लावला, तेव्हा आधी एक भ्रंश हळूहळू, फारसा धक्का न देता सरकला आणि मग गेलाई ज्वालामुखीच्या बाजूला डाइक घुसली, असं निघालं. त्यानंतर सप्टेंबरमध्ये शेजारच्या ओल्डोइन्यो लेंगाईचा जोरदार उद्रेक झाला. अफारमधलं कवच पातळ, शिलारस भरपूर. नॅट्रॉनकडे खचदरी कोवळी, कवच जाड, शिलारस बेताचा. म्हणून एकीकडे डाइक पुढे, दुसरीकडे भ्रंश पुढे. ‘कोण आधी’ याला सगळ्या खचदऱ्यांसाठी एकच उत्तर देणाऱ्याचं मी ऐकत नाही. 2024 च्या अखेरीस इथिओपियात फेंताले ज्वालामुखीच्या परिसरात पुन्हा मोठी डाइक घुसली, 2025 उजाडल्यावरही भूकंप चालू होते, हजारो लोकांना हलवावं लागलं. तिथली जुनी वोंजी भ्रंशांची ओळ आणि नवी डाइक यांची दिशा जुळते, आणि का जुळते ते वर आलंच आहे.

मग भ्रंश ज्वालामुखीच्या घडणीत काहीच करत नाहीत का? करतात, पण आणखी दोन ठिकाणी. एक म्हणजे कॅल्डेरा, ज्वालामुखीच्या माथ्यावरचा खचलेला मोठा खळगा. शिलारसाची कोठी रिकामी झाली की वरचं छप्पर गोलाकार भ्रंशांवरून खाली बसतं, आणि हे कडीसारखे भ्रंश पुढच्या उद्रेकांच्या कायमच्या वाटा बनतात. सुस्वाच्या बाहेरच्या मोठ्या कॅल्डेरात दुसरी, लहान कडी आहे आणि तिच्या आत एक सुटा ठोकळा बेटासारखा उभा आहे. जाऊन बघावं असं ठिकाण आहे. दुसरं म्हणजे जुना वारसा. खचदरी सुरू होण्याच्या कित्येक कोटी वर्षं आधीच्या, कॅम्ब्रियनपूर्व खडकांत जुन्या कमकुवत रेषा असतात, आणि त्या आजच्या ताणाच्या दिशेशी जुळतातच असं नाही. केनियातले अनेक कॅल्डेरा गोल नसून लांबट आहेत, आणि त्यांचा लांब अक्ष नुसत्या आजच्या ताणावरून समजावता येत नाही; खालच्या जुन्या रेषांचा हात मान्य करावा लागतो. इथिओपियात कॉर्बेटी कॅल्डेरा 2009 पासून वर्षाला सहा-सात सेंटिमीटरनं फुगतो आहे. त्याच्या पोटातही खचदरीला आडवी अशी एक जुनी रचना आहे. तिच्या दोन्ही बाजूंची जमीन सारखी हलत नाही.

आणि माउंट केनिया, किलिमांजारो? ते तर दरीच्या बाहेर आहेत. एक पटण्यासारखं स्पष्टीकरण असं की दरी खचली की तिथला खडकाचा भार कमी होतो, त्यामुळे खालच्या दाबांच्या दिशा बदलतात आणि खोलवरचा शिलारस दरीबाहेर वळवला जातो. दरी जितकी खोल, तितका हा परिणाम जास्त.

वाफेकडे येतो. लोकांचा समज असतो की भूऔष्णिक ऊर्जेत अवघड काम म्हणजे गरम खडक शोधणं. केनियाच्या खचदरीत गरम खडक शोधणं अवघड नाही. मेनेंगाईत 2011 पासून खोदाई सुरू आहे. तिथे दोन किलोमीटरच्या आसपास खोलीवर काही विहिरींत तापमान 400 अंशांच्या घरात गेलं आणि खडकाच्या चुऱ्यात चक्क काच आली, म्हणजे ताजा शिलारस थिजून झालेली काच. उष्णता एवढी की ती अडचणच ठरते. खरा तुटवडा असतो तो फटींचा. गरम खडकातून पाणी फिरलं पाहिजे, त्याशिवाय उष्णता वर येणार कशी? खडकाची पाणी वाहू देण्याची क्षमता, ज्याला पार्यता म्हणतात, तीच आमची खरी मालमत्ता. लाव्हाच्या थरांच्या सांध्यांतून थोडी मिळते, पण विहिरीला दम देणारी पार्यता भ्रंशांतूनच येते.

आता मोठा भ्रंश यात कमी का पडतो? भ्रंश कापून पाहिला तर त्याचे दोन भाग दिसतात. मधला गाभा, जिथे खडक दळला जाऊन पीठ झालेला असतो. त्या पिठाची पुढे चिकणमाती होते आणि पाणी अडतं. त्याच्या दोन्ही बाजूंना तडकलेल्या खडकाचा पट्टा, तिथून पाणी वाहतं. भ्रंश जितका जुना आणि जितका जास्त सरकलेला, तितका गाभा जाड आणि गुळगुळीत. असा भ्रंश लांबीच्या दिशेनं कधी कधी पाणी नेतो, पण आडव्या दिशेनं भिंतच. शिवाय सरकणं एका ठरलेल्या पृष्ठावर बसून गेलं की आजूबाजूला नव्या फटी पडत नाहीत.

नव्या फटी पडतात ते भ्रंश जिथे संपतात तिथे, किंवा एक भ्रंश संपून शेजारी दुसरा सुरू होतो त्या मधल्या जागेत. जुनं लुगडं दोन ठिकाणी फाटत आलं की त्या दोन फाटींच्या मधले धागे सगळ्यांत जास्त ताणले जातात, तसंच इथे. अमेरिकेच्या नेवाडा आणि आसपासच्या राज्यांत, म्हणजे ग्रेट बेसिन भागात, शेकडो भूऔष्णिक क्षेत्रांची भूरचना तपासून पाहिली गेली आहे. त्यात जवळपास एक तृतीयांश क्षेत्रं अशा दोन भ्रंशांच्या मधल्या जोडजागांत निघाली, पाव भाग भ्रंशांच्या टोकांशी, आणि पाचवा भाग छेदांवर. मोठ्या भ्रंशाच्या सलग मध्यभागी फारच थोडी. तिथे खाली शिलारस नाही, तरी हे भूमितीचं गणित पूर्व आफ्रिकेतही लागू पडतं.

त्याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण म्हणून मी नेहमी आलुटोचं नाव घेतो. इथिओपियात झिवाय आणि लंगानो या तळ्यांच्या मधे हा ज्वालामुखी बसला आहे. त्याचा कॅल्डेरा सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचा. 1981 ते 1985 या काळात तिथे आठ खोल विहिरी घेतल्या गेल्या. कडेला, ज्वालामुखीच्या उतारावर घेतलेल्या पहिल्या दोन निरुपयोगी ठरल्या. वर, माथ्यावर, आर्तू जावे भ्रंशपट्ट्याला लागून घेतलेल्या एलए-3 आणि एलए-6 या विहिरींत 300 अंशांच्या वर तापमान मिळालं आणि चांगली वाफ. या पट्ट्यापासून बाजूला सरकलेल्या काही विहिरींत खाली जाताना तापमान वाढतं आणि मग पुन्हा उतरतं. याचा अर्थ गरम पाणी तिथे खालून येत नाही. भ्रंशातून वर आलेलं पाणी बाजूला पसरून वरच्या थरात पोचलं आहे. अशा विहिरीच्या वरच्या निम्म्या भागावर खूश होऊन कंत्राट करणारे लोक मी पाहिले आहेत. तापमान उलटं फिरताना दिसलं की मी आधी नकाशावर भ्रंश शोधतो: वर चढणाऱ्या गरम पाण्याच्या वाटेपासून आपण किती बाजूला पडलो ते कळतं. 1998 मध्ये आलुटोवर सात मेगावॉटचं छोटं केंद्र उभं राहिलं, तेही या दोन-चार विहिरींच्या जिवावर. नंतर मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड पावलापावलावर मोजला गेला, तेव्हा तो दोन ठिकाणी एकवटलेला दिसला: आर्तू जावे भ्रंशावर आणि कॅल्डेराच्या कडीवर. उद्रेकांची तोंडंही त्याच दोन रेषांवर. एका ज्वालामुखीवर वायू, वाफ आणि लाव्हा या तिघांनी एकाच वाटा निवडलेल्या इतक्या स्पष्ट दिसतात, असं क्वचित घडतं. भ्रंशांना वाटेचं श्रेय नाकारत मी वर बरंच बोललो. आलुटोवर मात्र, पृष्ठभागाजवळच्या शेवटच्या टप्प्यात, ते द्यावंच लागतं.

ऑल्कारिया मोठं, म्हणून गुंतागुंतीचं. 1950 च्या दशकात घेतलेल्या पहिल्या दोन विहिरी चालल्या नाहीत. 1970 च्या दशकात पुन्हा प्रयत्न झाला आणि 1981 मध्ये पहिला 15 मेगावॉटचा संच सुरू झाला. आज केनियाची भूऔष्णिक क्षमता 900 मेगावॉटच्या वर आहे, तिचा बहुतेक भाग ऑल्कारियातच, आणि देशाच्या विजेतला चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा भूऔष्णिक आहे. तिथे उत्तर-दक्षिण जाणारा ओलोल्बुटोट भ्रंश आहे. याच रेषेवर काही शतकांपूर्वी बाहेर आलेला ओलोल्बुटोट लाव्हा आहे, काळा, ऑब्सिडियनचा, म्हणजे ज्वालामुखी काचेचा. त्यावर अजून धड झाडोराही नाही. नवखा माणूस म्हणेल, सगळ्यांत तरुण लाव्हा इथे, म्हणजे सगळ्यांत गरम विहिरी इथेच. पण या पट्ट्यातल्या विहिरी आजूबाजूच्यांपेक्षा थंड निघतात. हा भ्रंश क्षेत्राचे दोन भाग पाडतो: पूर्वेकडचं पाणी क्लोराइडयुक्त, पश्चिमेकडचं बायकार्बोनेटयुक्त, वायू जास्त असलेलं. उघडा भ्रंश वर नेतो तसाच खालीही नेतो. थंड पाणी जड, त्याला वाट मिळाली की ते उतरणारच. म्हणून भ्रंश दिसला की पहिला प्रश्न असा विचारायचा: यातलं पाणी चढतंय की उतरतंय?

पाणी उतरणं हे नुकसानच, असंही नाही. ते उतरलं नाही तर वाफ संपेल. पश्चिमेला माऊ आणि पूर्वेला न्यांडारुआच्या उंच डोंगरांवर पाऊस पडतो. काठावरच्या मोठ्या भ्रंशांतून ते पाणी खोल जातं, मग तळातल्या भ्रंशांच्या बाजूनं दरीच्या लांबीत फिरतं. नैवाशा हे केनियाच्या खचदरीतलं सगळ्यांत उंचावरचं तळं, साधारण 1,890 मीटर, म्हणून तिथून पाणी जमिनीखालून दोन्ही दिशांना झिरपतं. ऑल्कारियाच्या पाण्यातल्या समस्थानिकांवरून तळ्याचा वाटा ओळखू येतो. तुम्ही विचारलेल्या त्या कड्याचं आजचं खरं काम हे: तो वाफ देत नाही, वाफेला लागणारं पाणी देतो.

आता एक गोष्ट जी नकाशावर कधीच दिसत नाही. भूऔष्णिक फट स्वतःला बुजवत असते. गरम पाण्यात विरघळलेली सिलिका पाणी थंड होताना बसते, उकळताना कॅल्साइट बसतं, आणि काही काळात वाट बंद. विहिरीतून वर आलेला खडकाचा चुरा भिंगाखाली धरला की हा इतिहास वाचता येतो. पिस्त्याच्या रंगाचे एपिडोट या खनिजाचे बारीक दाणे दिसले की समजायचं, इथे कधीतरी 250 अंशांच्या आसपास तापमान होतं. ‘कधीतरी’ हा शब्द महत्त्वाचा. त्याच कणात एपिडोटला कापून गेलेली कॅल्साइटची पांढरी शीर असेल, आणि विहिरीतलं आजचं तापमान कमी असेल, तर ती जागा थंड झालेली आहे. खडक जुनी कीर्ती सांगतोय. उलट शिरेत क्वार्ट्झचे टोकदार स्फटिक मोकळ्या पोकळीत वाढलेले दिसले, तर फट अजून पूर्ण बुजलेली नाही. असा कण तळहातावर आला की आमच्या तंबूत चहाची फेरी होते.

बुजलेली फट पुन्हा उघडायला जमीन हलावी लागते. म्हणून लहान भूकंप हे चांगल्या क्षेत्राचं लक्षण. जो भ्रंश आजच्या ताणाच्या दिशेला नीट बसतो, तो अधूनमधून सरकतो आणि उघडा राहतो. जो तिरका, जुना, ताणाच्या विरुद्ध बसलेला, तो कितीही लांब असला तरी सिलिकानं शिवला जातो. सुपीक भ्रंश ओळखण्याची माझी पहिली कसोटी वय आणि दिशा, लांबी त्यानंतर.

रिगवर भ्रंश कसा कळतो, हेही सांगतो, कारण पुस्तकांत हे येत नाही. खोदताना विहिरीतून मड (चिखलासारखं द्रावण) किंवा पाणी फिरवत असतात. खाली गेलेलं सगळं वर यायला हवं. अचानक परतीचा प्रवाह आटतो, टाकीतली पातळी झपाट्यानं उतरते, ड्रिलर ओरडतो ‘लॉस!’. तेलविहिरीवर हा धसका, आमच्याकडे आनंद. खाली मोकळी फट लागली. मग कधी कधी ड्रिलिंगचा दांडाही काही सेंटिमीटर मोकळा घसरतो. पण वरच्या, केसिंग (विहिरीच्या अस्तराची पोलादी नळी) घालायच्या भागात लॉस लागला तर तीच फट डोकेदुखी: सिमेंट धरत नाही, दिवस जातात. एकाच भ्रंशाला आम्ही हजार मीटरवर शिव्या देतो आणि दोन हजारांवर आरती ओवाळतो.

विहिरीची जागा ठरवताना यातलं सगळं एकत्र येतं. जमिनीखालचे थर वीज किती वाहू देतात ते मोजणाऱ्या मॅग्नेटोटेल्युरिक सर्वेक्षणात वरची चिकणमातीची टोपी दिसते. ती कमी विरोधाची, वीज सहज वाहू देणारी. ही टोपी जिथे वर फुगते, तिथे खाली उष्णता असण्याची शक्यता जास्त. तिच्यावर मातीतल्या वायूचे नकाशे ठेवायचे, लहान भूकंपांचे बिंदू ठेवायचे, मग हवाई छायाचित्रांवरचे भ्रंश. आणि विहीर उभी न घेता तिरकी घ्यायची, भ्रंशाला आडवी छेदेल अशी. उभ्या भ्रंशाच्या शेजारून उभी विहीर खाली नेली तर दोघं समांतर जातात आणि कधी भेटतच नाहीत. उपग्रह रडारही मदत करतं: 2006-07 मध्ये उत्तर केनियातला पाका ज्वालामुखी सुमारे 21 सेंटिमीटर फुगला होता, हे कुणी तिथे उभं राहून पाहिलं नाही, रडारचित्रांत दिसलं. 2019 मध्ये त्याच पाकावर पहिली विहीर वाफेला लागली.

जाता जाता एक. 2018 च्या मार्चमध्ये माई माहियूजवळ रस्ता गिळणारी मोठी भेग पडली आणि ‘आफ्रिका दुभंगतेय’ म्हणून आपल्याकडच्या व्हॉट्सअॅपवरही ती फिरली. त्या आठवड्यांत मुसळधार पाऊस झाला होता. राखेच्या मऊ थरांखाली पूर्वीपासून पोकळ्या होत्या, पाण्यानं राख धुऊन नेली आणि वरचं छप्पर कोसळलं. भ्रंश सरकला असता तर भूकंपमापकांवर आणि रडारवर दिसला असता. मथळे छापणाऱ्यांना तेवढी सवड नव्हती.

आता कोकण. कोकणात पालघरपासून राजापूरपर्यंत सुमारे 350 किलोमीटरच्या पट्ट्यात गरम पाण्याचे झरे आहेत: सातिवली, अकलोली, गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, राजवाडी, आरवली. त्यांतलं सगळ्यांत गरम उन्हवऱ्याचं, 71 अंश. हे झरेही भ्रंश आणि भेगांच्या ओळीतच आहेत, त्यामुळे केनियाची आठवण येणं स्वाभाविक आहे. फरक खाली आहे. दख्खनचा लाव्हा 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची उष्णता केव्हाच निघून गेली. आज सह्याद्रीखाली शिलारसाची कोठी नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, पृथ्वीच्या नेहमीच्या उष्णतेनं तापतं, आणि दुसऱ्या भेगेतून चटकन वर येतं. खोलीगणिक किलोमीटरला 30 अंश वाढ धरली तरी 100 अंशांसाठी अडीच किलोमीटरच्या आसपास जावं लागेल, आणि रासायनिक अंदाज खालचं पाणी साधारण 100 ते 150 अंशांच्या दरम्यान असल्याचं सांगतात. म्हणजे ऑल्कारियात आहे ते भ्रंश आणि उष्णता दोन्ही. कोकणात भ्रंश आहे, उष्णता बेताची. कमी तापमानावर चालणारं बायनरी केंद्र तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण एवढ्या तापमानात मिळणारी वीज थोडी आणि खोल विहिरीचा खर्च मोठा. थेट उष्णता वापरणं जास्त शहाणपणाचं. नैवाशाजवळच्या एबुरूला लोक वाफेच्या तोंडाशी पाइप लावून, वाफ थंड करून पिण्याचं पाणी गोळा करतात, आणि तिथल्या वाफेवर पायरेथ्रमची फुलंही वाळवली गेली आहेत. साठ-सत्तर अंशांच्या पाण्यावर आमसुलं, काजूबिया किंवा मासळी वाळवायला काय हरकत आहे?

आणि डाइक-भ्रंशाचं नातं डोळ्यांनी पाहायचं असेल तर सुट्टीत गावी आलात की धुळे-नंदुरबारकडे एक चक्कर मारा. तिथे दोनशेहून अधिक डाइक उघड्यावर आहेत, आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेल्यामुळे काळ्या भिंतींसारख्या उभ्या. बहुतेक पूर्व-पश्चिम किंवा पूर्व-ईशान्येकडून पश्चिम-नैऋत्येकडे जातात, सगळ्यांत लांब 79 किलोमीटरची. म्हणजे त्या काळी ताण उत्तर-दक्षिण होता. एखाद्या डाइकच्या दोन्ही बाजूंना उभं राहून लाव्हाचे थर एकाच उंचीवर जुळतात का ते बघा. जुळले तर फट नुसती उघडली आणि शिलारस आत शिरला. एका बाजूचे थर खाली दिसले, तर तिथे भ्रंशही आहे, आणि मग डाइक आधी की भ्रंश आधी, हे डाइकच्या कडेचा खडक दळलेला आहे की थिजून काचेसारखा बारीक झालेला, त्यावरून ठरवता येतं.